गरम करून दाखवलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या त्या बाजारात त्याला सगळे वकील म्हणत. काळा कोट त्याने जन्मात घातला नव्हता आणि कोर्टाची पायरी चढायचा प्रसंगही कधी आला नव्हता. पण गाडी कितीही उतरलेली असो, दारं बडवल्याशिवाय लागत नसोत, टपावरचा रंग पापुद्र्यांनी निघत असो, हा माणूस तिची बाजू अशी काही मांडायचा की आपण उगाच संशय घेतला असं वाटून गिऱ्हाईकच ओशाळायचं. "एका हाताची गाडी आहे, साहेब, एकच मालक," हे त्याचं ठरलेलं पहिलं वाक्य. तो हात कसा होता, हे तो सांगत नसे.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणाचाही तसा समज होईल. शेजाऱ्यांच्या अडीनडीला धावायचा, बायकोच्या शब्दाबाहेर नसायचा, मुलीच्या कॉलेजच्या फीपायी स्वतःचे बूट दोनदा शिवून घेतले होते. आणि धंद्यात धडधडीत खोटं तो सहसा बोलतही नसे. त्याला ते बोलायची गरजच पडत नसे.

सकाळी मालकाच्या आधी तो यायचा. पत्र्याच्या शेडचं कुलूप काढायचा, केबिनमधल्या फळीवर खिळ्यांना टांगलेल्या चाव्यांतून त्या दिवशी दाखवायच्या गाड्यांच्या चाव्या निवडायचा आणि एकेक गाडी सुरू करून ठेवायचा. थंड इंजिन लहान मुलासारखं असतं, पाहुण्यांसमोर नको ते बोलून जातं. रात्रभर तेल खाली बसलेलं असतं, सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की आत जे काही झिजलेलं आणि ढिलं झालेलं असेल ते खडखडून सांगतं. एकदा गरम झालं, तेल वरपर्यंत पोचलं, की तेच इंजिन शहाण्यासारखं गप्प बसतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत गाडी गरम करायची, मग बंद करून फडक्याने पुसायची, टायरला काळं पॉलिश मारायचं, आरशाला सुगंधाची बाटली लटकवायची. बाजारात सगळेच असं करत. याला कुणी फसवणूक म्हणत नसे. "गाडी तयार करणं" म्हणत, आणि वकिलाच्या हाताला त्याची इतकी सवय झाली होती की सुटीच्या दिवशीही सकाळी त्याची बोटं चावी शोधत असावीत.

त्याची थोरली बहीण पडदे शिवायची. पडद्यांच्या एका मोठ्या दुकानात तिने उमेदीची वर्षं घालवली. दुसऱ्यांच्या खिडक्या मापता मापता केस पांढरे झाले, आणि मग एक दिवस दुकानाच्या मालकाच्या मुलाने तिच्याच गिऱ्हाइकांसमोर तिला "तुम्ही फक्त टेप धरा" म्हणून सुनावलं. तिने टेप काउंटरवर ठेवली ती ठेवलीच. पन्नाशी उलटल्यावर स्वतःचं काम सुरू केलं. ताई घरोघर जाऊन मापं घ्यायची, पुढच्या खोलीत मशीनवर बसून शिवायची आणि स्वतः जाऊन लावून यायची. शिडी धरायचं काम भाऊजींकडे. भाऊजींना पाठीचं दुखणं होतं, त्यामुळे शिडी धरण्यापलीकडे त्यांच्याकडून कशाची अपेक्षा नव्हती, आणि तेवढं ते मनापासून करत.

अडत होतं ते गाडीवाचून. पडद्यांचे गठ्ठे, कड्या, ड्रिल मशीन, शिडी आणि ते लांबलचक रॉड घेऊन रिक्षात बसायचं म्हणजे अर्धा रॉड शेजारच्या गाडीत. तेव्हा ताई भावाकडे आली.

"मला त्यातलं काही कळत नाही, बाळ," ती म्हणाली. त्याची मुलगी लग्नाची झाली तरी ताईच्या लेखी तो बाळच होता. "तू सांगशील ती घेते. दुसऱ्या कुणाला दाखवायलाही नको."

वकिलाने निळी गाडी काढली. मागची सीट सपाट पडायची, डिकीपासून पुढच्या काचेपर्यंत रॉड बिनबोभाट बसायचे, ताईच्या हिशेबातही ती बसत होती. ही कारणं खरी होती. शिवाय ती गाडी शेडमध्ये फार दिवस ठाण मांडून होती आणि मालक येता जाता टोमणे मारायचा की वकिलांची ही एक केस काही निकाली निघत नाही, हेही खरं होतं.

ताई यायची त्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखी चावी फिरवली. डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला. आत इंजिनाची एक साखळी असते, ती सैल झाली की असा आवाज करते. थोड्याच वेळात तो थांबला. वकील सीटवर बसून राहिला. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. त्याने स्वतःची समजूत घातली की अशा कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं धावतात. आणि एक वाक्यही मनाशी तयार केलं: ताई, पुढेमागे हिची साखळी बदलावी लागेल बरं का, तेवढं धरून चाल. वाक्य चांगलं होतं. ऐकून तिने भाव पाडून मागितला असता, किंवा घेतलीच नसती, पण वाक्य चांगलं होतं.

ताई आली ती साडी बदलून, बारशाला निघाल्यासारखी. गाडीभोवती एक फेरी मारली, आणि माणूस जसा वासराच्या पाठीवर हात ठेवतो तसा बॉनेटवर हात ठेवला.

"गरम लागतंय रे."

"उन्हात होती ना," वकील म्हणाला.

गाडी गेला आठवडाभर पत्र्याखाली होती. ताईने वर पाहिलंही नाही. हात तसाच ठेवून ती म्हणाली, "रंग छान आहे." मग तिने चावी फिरवली, गाडी कुरकुर न करता सुरू झाली, आणि तयार केलेलं वाक्य वकिलाच्या घशातच राहिलं.

त्यावर त्याने नंतर पुष्कळ विचार केला. हात सवयीने चावी फिरवतो, हे एकवेळ मान्य. पण तोंड? उन्हात होती, हे काही त्याच्या हाताने सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्या गळ्यात आपण गाडी मारली, हे त्याला त्या रात्री जेवताना कळलं आणि घास तोंडात फिरू लागला. उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला. तो उद्या काही येईना. दोन दिवसांनी त्याने फोन केला तो एवढंच सांगायला, की सकाळी सुरू केल्यावर जरा वेळ थांबत जा, मग निघ. ताईने तो सल्ला सगळ्यांना ऐकवला. भाऊ त्याच धंद्यात असल्याचा केवढा फायदा होतो, असंही ती सांगायची.

गाडीमुळे ताईचं काम खरंच वाढलं. एका नव्या दवाखान्याचं सगळं काम तिला मिळालं. खाटांच्या मधले पडदे, खिडक्यांचे पडदे, तपासणीच्या खोल्यांचे. एवढं मोठं काम तिने उभ्या जन्मात एकटीने घेतलं नव्हतं. पहिले पडदे लावायला ती आणि भाऊजी निघाले, आणि भर चौकात गाडीने एक आचका दिला, आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि ती जी बंद पडली ती पडलीच. मागच्या गाड्यांचे भोंगे, ट्रॅफिकवाल्याचं ओरडणं, भाऊजी पाठ विसरून धक्का मारतायत. टेम्पो मिळवून दवाखान्यात पोचेपर्यंत डॉक्टर निघून गेले होते. निम्मं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं.

मिस्त्रीचं गॅरेज वकिलाच्या रोजच्या ओळखीचं होतं. त्याच्याच शेडच्या गाड्या तिथे जायच्या. इंजिन उघडलं तेव्हा वकील ताईसोबत उभा होता. मिस्त्रीने तेलाच्या तळातून प्लास्टिकचे तुकडे काढून फडक्यावर मांडले.

"साखळीच्या खालची पट्टी तुटली. साखळी सुटून व्हॉल्व वाकले," तो हात पुसत म्हणाला. "ही काही आजची ढिली नाही, ताई. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की ओरडत असेल बघा."

"ओरडायची. मला वाटलं, तशीच असते."

"घेताना नाही ऐकलं?"

"तेव्हा अगदी शांत होती."

मिस्त्री हसला. "मग गरम करून दाखवली असणार. हे एजंट लोक सकाळी सकाळी..." त्याची नजर वकिलावर गेली आणि वाक्य तिथेच लटकलं.

"मला ही माझ्या भावाने दिली आहे," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दुकानाच्या काउंटरवर टेप ठेवताना तिचा आवाज असाच असणार. "हा काय, इथेच उभा आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल म्हणाला असतात तर मानलं असतं मी."

मिस्त्री पुन्हा इंजिनात वाकला. "मग नंतरच झालं असेल काही," तो आतूनच म्हणाला. "गाडीचं काय सांगावं."

वकिलाला हायसं वाटलं. मिस्त्रीने आपल्याला सांभाळून घेतलं म्हणून त्याचे उपकार वाटले. आणि लगेच स्वतःची इतकी शिसारी आली की तो बाहेर जाऊन टायरच्या ढिगावर बसला. तेव्हाच उठून आत जायला हवं होतं, हे सांगायला शहाणपण लागत नाही. पण बहिणीने आत्ताच परक्या माणसासमोर आपली बाजू घेतली, आणि आता आत जाऊन तिला खोटं पाडायचं? उशीर केला की खरं बोलणं किती महाग पडतं, हे गाड्यांच्या वकिलाला त्या ढिगावर बसून समजलं.

"खर्च मी करतो," ती बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला.

"वेडा आहेस का? पोरीची फी भरायची आहे तुला." ताईने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू काय मुद्दाम केलंस का हे?"

 फीचा विषय निघाल्यावर वकिलाला आतून सुटल्यासारखं झालं होतं, आणि तो सुटकेचा क्षण पुढे कित्येक दिवस त्याला टोचत राहिला. ताईने ओव्हरलॉकच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे मिस्त्रीच्या हातात दिले. ते मशीन आलं असतं तर पडद्यांच्या कडा सरसर निघाल्या असत्या. आता ती प्रत्येक कड दुमडून साध्या मशीनवर दोनदा टीप मारायची. डोळे चुरचुरायचे. रविवारी वकील तिच्याकडे जाऊन शिडी धरू लागला, रॉड उचलू लागला, सांगितलं नसताना गाडी धुऊ लागला. भाऊजी म्हणाले, आमची नोकरी घालवता की काय. ताई मात्र खूश होती. भावाला माया आली असं ती समजली.

पण गाडीला माया नसते. नवीन साखळी घालूनही सकाळचा आवाज हळूहळू परत आला आणि आता सोबत निळसर धूरही येऊ लागला. ताईने पुन्हा पैसे ओतले. एकदा तेलाचा पंप बदलला, एकदा आणखी काही. खाल्लेलं काही गाडीच्या अंगी लागेना. शेवटी मिस्त्रीने हात टेकले.

"इंजिन आतून झिजलंय. पूर्ण उघडायचं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येईल. आता यात पैसे घालू नका, ताई. विकून मोकळ्या व्हा."

ताईने चावी वकिलाला आणून दिली. "तूच विकून दे. जे येतील त्यात टेम्पोवाल्याशी महिन्याचं ठरवते. नाहीतर मला त्या दुकानातच परत जावं लागेल, आणि ते माझ्या फार जिवावर येतंय."

वकिलाने मनाशी ठरवलं की ही गाडी तो खरेपणाने विकणार. आयुष्यात एकदा तरी. ती त्याने बाहेर कुंपणाजवळ उभी केली आणि सकाळी तिला हात लावला नाही. पहिलं जोडपं आलं, त्यांच्या हातात चावी दिली, गाडी मनसोक्त खडखडली, मागे निळा ढग सोडला, आणि जोडपं आभार मानून निघून गेलं. दुसरा आला तो भंगाराचा भाव सांगून गेला. मालक केबिनमधून बघत होता. "वकील, बरं नाही का?" त्याने विचारलं. वकिलाला मात्र फार दिवसांनी मोकळं वाटत होतं. संध्याकाळी चालत घरी जाताना तर त्याने शीळही घातली.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे एक बाई. घरी केक करून पोचवायच्या, मागची सीट सपाट पडते म्हणून त्यांना हीच गाडी हवी होती. उद्या सकाळी येते म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी वकील ताईकडे गेला. पुढच्या खोलीत जमिनीवर राखाडी कापड पसरलं होतं, ताई गुडघ्यांवर बसून टाचण्या लावत होती. भाऊजी खाली फिरायला गेले होते.

"का रे विकली जात नाही ती?" ताईने मान वर न करता विचारलं.

आणि वकिलाने सांगितलं. सगळंच सांगितलं. ती यायच्या आधी गाडी गरम केली होती, आवाज ऐकला होता, गाडी पत्र्याखाली होती, मिस्त्री म्हणाला ते खरं होतं. बोलताना त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. आता ती बोलेल, ओरडेल, कापड फेकेल, एक मुस्काटात देईल. त्याला ते सगळं हवं होतं.

ताई टाचण्या लावत राहिली. कड संपली तेव्हा म्हणाली, "मिस्त्रीला माहीत होतं?"

"हो."

"तरी मी त्याच्या तोंडावर बोलत होते." तिने टाचण्यांचा डबा बंद केला. "मशीन गेलं. दवाखान्याचं निम्मं काम गेलं. बरं. आणि उद्याच्या त्या बाईला कशी दाखवणार आहेस?"

"थंडच. ताई, आता मला ते होत नाही. तीही तुझ्यासारखीच आहे, तिलाही तेच भोगावं लागेल."

ताईने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, एखाद्या खिडकीचं माप दोनदा घेऊनही जुळत नाही तशी.

"म्हणजे मला गरम करून दिलीस," ती म्हणाली, "आणि त्या परक्या बाईला थंड दाखवणार. आणि ती घेणार नाही, तेही माझ्याच पैशांनी."

वकिलाला तोंडात मारल्यासारखं झालं. ही गोष्ट त्याच्या मनातही आली नव्हती. इतके दिवस त्याला वाटत असलेलं ते मोकळेपण, ती शीळ, सगळं ताईच्या खर्चात चाललं होतं. पहिल्यांदाही तिनेच भरलं, आता त्याचं मन स्वच्छ करायचं बिलही तीच भरणार होती.  ताईने कापडाची घडी घातली आणि भाऊजींसाठी चहा ठेवायला आत गेली. वकिलाला थांब म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.

रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर निघाला. गाडी गरम करायची की नाही हे शेडचं फाटक दिसेपर्यंत त्याला ठरवता आलं नव्हतं. फाटक उघडं होतं. रात्रीचा राखणदार म्हणाला, तुमच्या ताई आल्यात, बराच वेळ झाला.

कुंपणाजवळ निळी गाडी चालू होती. खडखडाट कधीच होऊन गेला होता, धूरही विरला होता, इंजिन एका लयीत मऊ घुरघुरत होतं. ताई तिच्याकडे राहिलेल्या दुसऱ्या चावीने ती सुरू करून स्टिअरिंगमागे बसली होती. कालच्याच साडीत, पर्स मांडीवर, काच खाली केलेली. वकील दाराजवळ जाऊन उभा राहिला. कुणाचं काही न बुडवता सरळ जगणारी, परक्याच्या दुकानातली उरलेली टाचणीसुद्धा परत देणारी आपली बहीण तिथे बसली आहे, आणि तिला आपणच तिथे आणून बसवलं आहे, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की त्याने दाराला धरलं.

"ताई, उतर. मी विकतो. तुला नको हे."

"तू करणार नाहीस," ताई समोर बघत म्हणाली. "म्हणून मी आले. किती वेळ चालू ठेवायची असते रे?"

फाटकाबाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. केकवाल्या बाई असतील, नसतीलही. वकिलाने खिडकीतून आत वाकून बघितलं.

"उष्णतेचा काटा मध्यावर येऊ दे," तो म्हणाला. "मग बंद कर."

ताईने मान हलवली आणि ती काट्याकडे बघत राहिली. वकील बॉनेट पुसायला फडकं आणायला आत गेला.